मूळपुरुषाचे डोके

आपल्याकडे घराण्याची वंशावळ मांडायची झाली की सर्वांत वर मूळपुरुषाचे नाव येते. त्याच्याविषयी फारसे काही ठाऊक नसले तरी कुणाचे अडत नाही. खालच्या साऱ्या फांद्या त्याच्या नावाने ओळखल्या जातात, एवढे पुरते. पण उद्या कुणी उठून म्हणाला, की हा मूळपुरुष मुळात या घराण्यातला धरावा की नाही याचीच शंका आहे, तर भाऊबंदांची काय अवस्था होईल? माणसांच्या घराण्यात असा प्रसंग आला तर प्रकरण कोर्टात जाईल. बदकाच्या चोचीसारखे तोंड असलेल्या डायनासोरांच्या घराण्यात तो आलेला आहे, आणि तो खटला अजून निकालात निघालेला नाही.

या घराण्याचे शास्त्रीय नाव हॅड्रोसॉरिडी. ते ज्यावरून पडले तो प्राणी हॅड्रोसॉरस. इथे मूळपुरुष म्हणजे नाव देणारा. जन्म देणारा नव्हे. शास्त्रात घराण्याला नाव मिळते ते त्याचा नमुना मानलेल्या सभासदावरून, पहिल्यांदा जन्मलेल्यावरून नाही. हा भेद लक्षात ठेवला म्हणजे पुढचा घोटाळा समजायला सोपे जाईल.

अमेरिकेत न्यू जर्सी संस्थानात हॅडनफील्ड नावाचे गाव आहे. तिथल्या जमिनीत मार्ल नावाची हिरवट माती निघे आणि शेतकरी ती खत म्हणून शेतात पसरत. १८३८ च्या सुमारास जॉन हॉपकिन्स नावाच्या शेतकऱ्याच्या जागेत अशी माती खणताना मोठमोठी हाडे वर आली. येणाऱ्याजाणाऱ्यांनी ती नवल म्हणून उचलून नेली. कुणी ती दाराशी ठेवली असतील, कुणी खिडकीच्या तावदानाला टेकण म्हणून लावली असतील. ती कायमची गेली. वीस वर्षांनी, १८५८ साली, विल्यम फोक नावाचे फिलाडेल्फियाचे एक गृहस्थ हवापालटासाठी त्या गावी आले असता ही हकीकत त्यांच्या कानावर पडली. त्यांनी तो बुजलेला खड्डा पुन्हा उकरवला. मणके निघाले, हातापायांची हाडे निघाली, कमरेचे तुकडे निघाले, जबड्याचे काही कपचे आणि नऊ दात निघाले. डोके मात्र निघाले नाही.

ही हाडे जोसेफ लायडी यांच्या हाती गेली. लायडी हे शरीररचनाशास्त्राचे प्राध्यापक, वृत्तीने शांत आणि भांडणाला भिणारे. हे मुद्दाम सांगतो, कारण पुढे ज्यांची गाठ पडायची आहे ते तसे नव्हते. दात पाहून लायडींनी ओळखले की याचे नाते इंग्लंडात सापडलेल्या इग्वानोडॉनशी आहे. मग त्यांनी मांडीचे हाड आणि दंडाचे हाड शेजारी शेजारी ठेवले. मागचा पाय लांब, पुढचा आखूड. रिचर्ड ओवेन यांनी १८४२ साली ‘डायनासोर’ हा शब्द घडवला, तेव्हा या प्राण्यांची कल्पना गेंड्यासारखी चार खांबांवर उभी अशी होती. लायडी म्हणाले, हा प्राणी कांगारूसारखा मागच्या पायांवर उभा राहत असला पाहिजे. डायनासोर उठून उभा राहिला तो असा, दोन हाडांच्या मापावरून. लायडींनी त्याला हॅड्रोसॉरस फोकाय असे नाव दिले. हॅड्रोसॉरस म्हणजे धिप्पाड सरडा. फोकाय हे फोक यांच्या सन्मानार्थ.

१८६८ साली फिलाडेल्फियाच्या अकादमीत हा सांगाडा उभा करण्यात आला. जगात डायनासोरचा सांगाडा जोडून उभा केल्याचा हा पहिला प्रसंग. काम केले वॉटरहाउस हॉकिन्स यांनी; लंडनच्या क्रिस्टल पॅलेसच्या बागेतले डायनासोरांचे पुतळे यांचेच. अंग जमले, पण खांद्यावर काय ठेवायचे? हॉकिन्सनी इग्वाना नावाच्या सरड्याच्या डोक्याचा नमुना घेऊन प्लास्टरचे डोके बनवले आणि बसवले. लोक ते पाहायला इतके लोटले, की गर्दी आवरण्यासाठी अकादमीला तिकीट लावावे लागले. लोकांनी जे पाहिले त्यात डोके खरे नव्हते हे किती जणांना ठाऊक असेल? दुसऱ्याच वर्षी, १८६९ साली, एडवर्ड कोप यांनी या प्राण्यावरून सबंध कुलाला हॅड्रोसॉरिडी हे नाव दिले. म्हणजे कुलाची स्थापना झाली ती अशी, बिनडोक्याच्या सांगाड्यावर.

याच लायडींनी आणखी दोन वर्षे आधी, १८५६ साली, पश्चिमेकडच्या ज्युडिथ नदीच्या परिसरातून आलेल्या काही सुट्या दातांना ट्रॅकोडॉन असे नाव देऊन ठेवले होते. पुढे त्या दातांपैकी काही वेगळ्याच, शिंगे असलेल्या डायनासोरांचे निघाले. तरी पन्नास-साठ वर्षे बदकचोचीचे जे काही सापडेल त्याला ट्रॅकोडॉन म्हणण्याची वहिवाट पडली. वर्गात ओळख नसलेल्या प्रत्येक पोराला मास्तरांनी ‘बंड्या’ म्हणावे, तसे ते झाले.

मग आले कोप आणि मार्श. या दोघांच्या वैराविषयी इतके लिहिले गेले आहे की मी त्यात भर घालीत नाही. दोघे एकमेकांवर मात करण्यासाठी रोज नवी नावे ठोकीत, आणि लायडी बिचारे या धुमश्चक्रीला कंटाळून तो विषयच सोडून गेले, एवढे पुरे. त्यातले एक उदाहरण मात्र सांगण्यासारखे आहे. १८८२ साली डकोटात कोप यांच्या माणसाला एक जवळजवळ पूर्ण सांगाडा मिळाला, लांब चपट्या कवटीसकट. घराण्याला प्रथमच खरे डोके मिळाले. समोरून ते बदकाच्या चोचीसारखे पसरट होते, आणि ‘बदकचोच’ ही ओळख पक्की झाली ती अशा कवट्यांमुळेच. कोपनी १८८३ साली त्याला म्हटले डिक्लोनियस. न्यूयॉर्कच्या नैसर्गिक इतिहासाच्या संग्रहालयात १९०८ च्या सुमारास तो उभा राहिला तो ट्रॅकोडॉन या पाटीखाली. १९४२ साली लल आणि राइट यांनी उत्तर अमेरिकेतल्या साऱ्या बदकचोच्यांवर मोठा ग्रंथ लिहिला, त्यात तो अ‍ॅनॅटोसॉरस झाला. म्हणजे सरळसरळ बदकसरडा. १९९० साली तो अ‍ॅनॅटोटायटन, बदकराक्षस, झाला. आणि २०११ साली कॅम्पिओने आणि इव्हान्स या दोघांनी पुष्कळ कवट्यांची मापे ताडून दाखवले, की हा एडमोंटोसॉरसच; वय वाढले तसे याचे तोंड लांब आणि चपटे होत गेले. सव्वाशे वर्षांत पाच नावे, आणि हाडे तीच. कादंबरीच्या मध्यावर नायकाचे नाव बदलले तर आमचे प्रकाशक हस्तलिखित परत पाठवतात. इथे पाचही नावे छापून निघाली.

वर्गात हा विषय निघाला की एक प्रश्न हटकून येतो: चोच बदकाची, तर हा बदकाचा पणजोबा का? उत्तर ऐकून मुले निराश होतात. १८८७ साली हॅरी सीली या इंग्रज पंडिताने कमरेच्या हाडांवरून डायनासोरांचे दोन भाग पाडले, सरड्यासारख्या कमरेचे आणि पक्ष्यासारख्या कमरेचे. बदकचोचे दुसऱ्या भागात पडतात. चोच पक्ष्याची, कंबरही पक्ष्यासारखी. आता नाते ठरल्यासारखेच वाटते. पण पक्षी निपजले ते पहिल्या भागातून, दोन पायांवर धावणाऱ्या मांसाहारी डायनासोरांपासून. कोंबडीचे नाते टिरॅनोसॉरसशी जवळचे आहे, बदकचोच्याशी दूरचे. सारखेपणा म्हणजे सोयरीक नव्हे, हे या शास्त्राला फार महागात शिकावे लागले आहे.

आणि त्या चोचीने नाते नाही जोडले, पण प्राण्याला पाण्यात नेऊन सोडले. बदकासारखे तोंड, तेव्हा बदकासारखे पोहणे आणि चिखलातले मऊ शेवाळ खाणे, असा हिशेब कोपपासून चालत आला. १९०८ साली वायोमिंगमध्ये चार्ल्स स्टर्नबर्ग आणि त्यांच्या तिघा मुलांना एक विलक्षण नमुना मिळाला: उताणा पडलेला बदकचोच्या, अंगावरच्या कातडीचा ठसा जसाच्या तसा दगडात उमटलेला. बोटांभोवतीची कातडी पडद्यासारखी दिसत होती. झाले, ऑसबोर्न यांनी १९१२ साली त्याचे वर्णन केले, आणि बदकाच्या पायाचा पुरावाही मिळाला असे सर्वांना वाटले. जर्मनीतल्या फ्रँकफुर्टला गेलेल्या अशाच दुसऱ्या देहाच्या पोटात क्रॉइझेल यांना १९२२ साली सूचिपर्णी झाडांच्या काड्या आणि सुया आढळल्या. सुया काही पाण्याखाली उगवत नाहीत. पण त्या साक्षीकडे फारसे कुणी लक्ष दिले नाही. जबडा तरी काय सांगत होता? शेकडो दात, एकावर एक, एकाशेजारी एक, घट्ट रचलेले. वरचे झिजले की खालचे वर येणार. सगळे मिळून जात्याची टाकी लावलेली तळी व्हावी तशी फरशी. शेवाळ खायला एवढे जाते कोण बाळगतो? १९६४ साली जॉन ऑस्ट्रॉम यांनी हा सारा पुरावा एकत्र मांडला आणि बदकचोच्याला पाण्यातून बाहेर काढून रानात चरायला सोडले. बोटांचा तो पडदा पुढे वाळून चपटलेली गादी ठरला. वायोमिंगच्या त्याच टापूतल्या देहांवरून २०२५ साली पायाला खूर होते असे प्रसिद्ध झाले. बदकाला खूर!

आता डोक्याकडे परत येतो, कारण या घराण्याची सारी वर्गवारी डोक्यावर चालते. मानेखाली बदकचोचे एकमेकांसारखे इतके, की पुष्कळदा तज्ज्ञालाही कवटीशिवाय जात सांगता येत नाही. १९१० नंतर कॅनडातल्या रेड डियर नदीच्या काठी हाडांची जी लूट सुरू झाली, तिने कवट्यांचा पाऊस पाडला. न्यूयॉर्कचे बार्नम ब्राउन तराफ्यावर तंबू ठोकून नदीतून खाली जात, दिसेल त्या कड्यापाशी थांबत. स्टर्नबर्ग मंडळी कॅनडा सरकारच्या वतीने त्याच नदीत उतरली. सॉरोलोफस, हायपाक्रोसॉरस, कोरिथोसॉरस, ग्रायपोसॉरस. दोनचार वर्षांत नावांची रांग लागली. कुणाच्या डोक्यावर भरीव हाडाचा काटा, कुणाच्या डोक्यावर शिरस्त्राणासारखा पोकळ तुरा, कुणाच्या कुऱ्हाडीसारखा. पुढे १९२२ साली टोरंटोच्या पार्क्स यांनी वर्णिलेल्या पॅरासॉरोलोफसच्या डोक्यावर तर मागे वळलेली लांबलचक नळी. १९१६ च्या डिसेंबरात लंडनच्या संग्रहालयाकडे निघालेल्या अशा सांगाड्यांच्या पेट्या ‘माउंट टेम्पल’ या आगबोटीबरोबर अटलांटिकच्या तळाला गेल्या; जर्मन युद्धनौका ‘म्योवे’ने ती बोट बुडवली. साडेसात कोटी वर्षे जमिनीत सुखरूप राहिलेले प्राणी माणसाच्या लढाईत दुसऱ्यांदा मेले.

या पोकळ तुऱ्याचे काय करायचे, यावर चर्चा फार झाली. कुणी म्हणाले, पाण्याखाली श्वास घेण्याची नळी. पण नळीला वर भोकच नव्हते. नाकपुडीतून आलेली वाट तुऱ्यात चढून, वळसे घेऊन घशात उतरत होती. स्वीडनचे कार्ल विमान यांनी १९३१ साली सुचवले, की हे तुतारीसारखे वाद्य असावे. १९८१ साली डेव्हिड वाइशॅम्पेल यांनी नळीच्या लांबीवरून त्याचा गणिती पडताळा घेतला. आज बहुतेकांचे मत तिकडे झुकते. वर्गवारीच्या दृष्टीने मात्र महत्त्वाचे हे, की घराण्याच्या दोन फांद्या पडल्या. पोकळ तुऱ्यांचे एक उपकुल, सपाट किंवा भरीव डोक्यांचे दुसरे. पहिल्याचे नाव लॅम्बिओसॉरिनी, आणि त्यालाही बिनडोक्याचा एक किस्सा आहे. कॅनडाच्या लॉरेन्स लॅम यांनी १९०२ साली काही फुटकळ हाडांना एक नाव दिले होते. १९१४ साली त्याच भागात तुरेवाल्या कवट्या मिळाल्या, तेव्हा त्या हाडांचे डोके सापडले असे समजून त्यांनी दोहोंना मिळून स्टेफॅनोसॉरस केले. पार्क्स म्हणाले, कवटी या हाडांचीच कशावरून? नाव हाडांचे आहे, ते हाडांपाशी राहू द्या. कवटीला मी वेगळे नाव देतो. १९२३ साली त्यांनी दिलेले ते नाव लॅम्बिओसॉरस, दिवंगत लॅम यांच्याच आठवणीसाठी. शास्त्रज्ञांत असा सभ्यपणा विरळा.

तुऱ्यांवरून जाती पाडायचे हे काम पुढे हाताबाहेर गेले. ट्रान्सिल्व्हेनियाचे बॅरन नोप्चा यांनी तुरेवाले सगळे नर आणि बिनतुऱ्याच्या साऱ्या माद्या, असा सोपा निवाडा देऊन टाकला होता. तो टिकला नाही, कारण नवरा एका थरात आणि बायको दुसऱ्या, हे जमणार कसे? पण त्यांच्या शंकेत तथ्य होते: फरक दिसला की जात निराळी, हे गृहीतच चुकीचे असू शकते. १९७५ साली पीटर डॉडसन यांनी अल्बर्टातल्या तीन डझन तुरेवाल्या कवट्या मोजल्या. तोवर त्यांच्या तीन प्रजाती आणि बारा जाती मानल्या जात. वाढत्या वयाबरोबर कवटीचा कोणता भाग किती वेगाने वाढतो याचा हिशेब लावल्यावर बारांच्या तीनच जाती उरल्या. ज्यांच्या डोक्यावर तुऱ्याऐवजी नुसते टेंगूळ होते ते प्रोचेनिओसॉरस नावाचे छोटे प्राणी निराळे कुणी नव्हतेच. ती या मोठ्यांची पोरे होती.

मास्तरकी करणाऱ्या माणसाला ही ओळ वाचून थोडे थांबावेसे वाटते. पन्नासएक वर्षे ही पोरे संग्रहालयात आपल्या आईबापांशेजारी परकी म्हणून उभी होती, वेगळ्या पाटीखाली. मूल म्हणजे लहान आकाराचा मोठा माणूस नव्हे, त्याचा चेहराच वेगळा असतो, हे कोणत्याही अंगणवाडीत दिसते. पण अंगणवाडीत मोजपट्टी घेऊन कुणी जात नाही. तीनच वर्षांनी, १९७८ साली, माँटानातल्या बायनम गावच्या एका दुकानात जॅक हॉर्नर आणि बॉब मॅकेला यांच्यापुढे डबाभर बारीक हाडे आली. ती बदकचोच्यांच्या पिलांची होती, आणि जिथली होती तिथे घरटे निघाले. पिलांचे दात झिजलेले होते. म्हणजे ती घरट्यातच खात होती, कुणीतरी आणून देत होते, असा अर्थ त्यांनी लावला. १९७९ साली त्या प्राण्याला त्यांनी मायासॉरा म्हटले. चांगली आई, अशा अर्थाचे हे नाव, आणि मुद्दाम स्त्रीलिंगी.

याच हॉर्नर यांनी १९९० साली सबंध घराण्यालाच धक्का दिला. त्यांच्या मते पोकळ तुरेवाले आणि सपाट डोक्याचे हे एका मुळाचे नव्हतेच. इग्वानोडॉनच्या गोतातल्या दोन वेगवेगळ्या शाखांतून ते स्वतंत्रपणे निघाले आणि दिसायला सारखे झाले. तीन वर्षांत उत्तर आले, तेही नोप्चांच्या अंगणातून. १८९५ साली नोप्चांच्या बहिणीला घरच्या जमिनीत हाडे सापडली होती. त्यांतल्या बदकचोच्याला बॅरनसाहेबांनी टेल्मॅटोसॉरस, दलदलीतला सरडा, असे नाव दिले होते. वाइशॅम्पेल, नॉर्मन आणि ग्रिगोरेस्कू यांनी १९९३ साली तो पुन्हा तपासला. दाट दातांची ती फरशी त्याच्यापाशी होती, पण दोन्ही फांद्यांच्या खास खुणा नव्हत्या. फांद्या फुटण्याआधीचे खोड ते हेच. घराणे एकच ठरले.

आणि आता तो मूळपुरुष. सपाट डोक्यांच्या उपकुलाला त्याच्या नावाने हॅड्रोसॉरिनी म्हणण्याचा प्रघात होता. डोके न पाहताच त्याला सपाट डोक्याचा ठरवले होते, तुरा सापडला नाही एवढ्याच आधारावर. २००६ साली अल्बर्ट प्रीएतो-मार्केस यांनी वाइशॅम्पेल आणि हॉर्नर यांच्याबरोबर ती हॅडनफील्डची हाडे बारकाईने पाहिली आणि जाहीर केले, की या प्राण्याला इतरांपासून वेगळा ओळखता येईल अशी एकही खूण यात नाही. नावच संशयास्पद! २०११ साली त्यांनीच पुन्हा तपासून ते मत मागे घेतले: दंडाच्या आणि कमरेच्या हाडांत वेगळेपणा आहे, नाव राहू द्या. नाव राहिले, पण जागा गेली. २०१० साली त्यांनी जगभरच्या बदकचोच्यांची जी वंशावळ मांडली, तीत हॅड्रोसॉरस दोन्ही फांद्यांच्या बाहेर पडला होता, उंबरठ्यावर. मग सपाट डोक्यांना हॅड्रोसॉरिनी कसे म्हणायचे? ब्राउन यांचे १९१४ सालचे सॉरोलोफिनी हे नाव झटकून पुढे आणले गेले. सर्वांना ते पटले आहे असे नाही. दुसऱ्या काहींच्या तक्त्यांत हॅड्रोसॉरस पुन्हा सपाट डोक्यांच्या घरात येऊन बसतो आणि जुने नाव चालू राहते. मला विचाराल तर पहिली बाजू मला अधिक प्रामाणिक वाटते, कारण जे सापडले नाही त्यावर ती कमी भिस्त ठेवते.

नवल असे, की सपाट डोकी तरी सपाट होती का? अल्बर्टात मिळालेल्या एका एडमोंटोसॉरसच्या डोक्यावर कोंबड्याच्या तुऱ्यासारखा मांसल तुरा होता, असे २०१३ साली कातडीच्या ठशावरून कळले. मांसाचा तुरा हाडात उमटत नाही. किती डोक्यांवर तो असेल आणि कुजून गेला असेल?

आपल्या भूमीत हे घराणे आल्याचा पुरावा नाही. चंद्रपूरकडच्या पिसदुरा आणि डोंगरगाव इथल्या खडकांत मोठाल्या लांब मानेच्या डायनासोरांची हाडे मिळतात, पण बदकचोच्या त्यात नाही. त्या काळी आपला भूखंड समुद्रात एकटा उत्तरेकडे सरकत होता. समुद्र हे कारण मात्र पुरेसे मानू नये. आफ्रिकेतही ते कधी पोचले नाहीत असेच म्हणत, तोच मोरोक्कोतल्या फॉस्फेटच्या खाणीतून २०२० साली एका पोकळ तुरेवाल्याचा जबडा निघाला. मधला समुद्र ओलांडून आल्याशिवाय तो तिथे असणे शक्य नव्हते. पाण्यातून ज्याला एवढ्या खटपटीने बाहेर काढले, तो पोहला होता तर! त्याचे नाव ठेवले अज्नाबिया. अरबीत अजनबी म्हणजे परका, हा शब्द आपल्यालाही हिंदी गाण्यांतून ओळखीचा आहे.

हॅडनफील्डकरांना या साऱ्या वादाशी कर्तव्य नाही. १९९१ साली न्यू जर्सीने हॅड्रोसॉरसला आपला अधिकृत राज्य-डायनासोर केले, आणि २००३ साली गावाच्या मध्यभागी त्याचा पूर्णाकृती ब्राँझचा पुतळा बसला. पोरे त्याच्या शेपटीवर चढतात. पुतळ्याला डोके आहे. सपाट, लांबट, बदकाच्या चोचीचे, डोळ्यांसकट.